जप्तीची खोली

त्यांच्या घरात सरळ कुणालाच जाता येत नसे. दारात थांबायचं, हातातली पिशवी उघडायची, आत काय आहे ते त्यांना दाखवायचं. ते कपाळावरचा चष्मा नाकावर आणत, एकेक जिन्नस वरखाली करत आणि म्हणत, "जाऊ द्या." मग आपण आत जायचं. भाजीवाली मेथी घेऊन आली तरी हेच, जावई लेकीला घेऊन आला तरी हेच. गॅसची टाकी आली की मात्र त्यांची पंचाईत होई, कारण आत बघायची सोय नव्हती. टाकीवाल्याला ते दर वेळी विचारत, "आत गॅसच हाय न्हवं?" आणि टाकीवाला दर वेळी गळ्याला हात लावून शपथ घेई.

गाव त्यांना नाकेदार म्हणे. खरं तर ते नाकेदार नव्हते, त्यांचे वडीलही नव्हते. आजोबा नाक्यावर होते, पण तेही नाकेदार नव्हेत, तिथले मुन्शी. पण नाव ठेवताना बढती द्यायला गावाला काही खर्च येत नाही.

हे नाकं म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यावरूनच झाला. निजामाच्या काळात बार्शी इंग्रजांची आणि हे गाव मोगलाईत, म्हणजे निजामाकडं. मधून हद्द जायची. हद्दीवर माल तपासून जकात घेणारं जे खातं होतं त्याला करोडगिरी म्हणत, आणि त्या खात्यानं रस्त्यालगत बांधलेलं दगडी नाकं म्हणजे हे घर. पुढं निजाम गेला, हद्द गेली, करोडगिरी गेली. मुन्शी मात्र नव्या हुकमाची वाट बघत तिथंच बसून राहिले. हुकूम काही आला नाही. शेवटी घर सरकारी लिलावात निघालं तेव्हा त्यांनीच ते घेतलं. त्यांच्यामागं घर नातवाकडं आलं आणि घराबरोबर दारात बसायची सवयही आली.

मी त्या गावात वीज खात्यात बदली होऊन गेलो तो काळ फार जुना नाही. गावात मोबाईलचे टॉवर आले होते, फ्लेक्स होते, 'ऐतिहासिक मिसळ' अशी पाटी लावलेलं एक हॉटेलही होतं. खोली शोधत मी त्या दगडी घरापाशी पोहोचलो तर ओट्यावर खुर्ची टाकून हे बसलेले. धोतर, वर बंडी, पायात स्पोर्ट शूज. शूज जावयानं दिलेले होते आणि अर्थातच दारात तपासून घेतलेले होते.

"थांबा. बॅग उघडा."

मला वाटलं, गावात चोऱ्या होत असतील. उघडली. त्यांनी माझा बनियन उचलून उजेडात धरला, पुन्हा घडी घालून ठेवला. लोणच्याची बरणी हातात घेतली.

"कुणी घातलंय?"

"आईनं."

"कुठलं गाव?"

"ईट."

"ईटकडची माणसं मीठ जास्त घालतेत," असा निकाल देऊन त्यांनी बरणी जागेवर ठेवली. "जाऊ द्या."

मला मिळाली ती खोली म्हणजे नाक्याची जप्तीची खोली. अडवलेला माल तिथं ठेवत. भिंती हातभर जाड, खिडकी नाही, आणि कडी बाहेरून. वीज खात्याचा माणूस जप्तीत राहतो याचा गावाला फार आनंद झाला. लाईट गेली की आठवडी बाजारातली अनोळखी माणसंही मला विचारत, "सायेब, आज बाहेर कसं काय?" मी त्या खोलीत चार वर्षं काढली आणि चारही वर्षं हाच विनोद ऐकला.

काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, या तपासणीतून सुटलेल्या नव्हत्या. वाण्याकडून साखर आणली तरी ओट्याशी थांबून पिशवीचं तोंड उघडत. "बघा. सोनं आणलंय," म्हणत. ते खरंच बघत. काकूंच्या बोलण्यातला टोमणा त्यांच्यापर्यंत कधी पोहोचल्याचं मला दिसलं नाही. काकू एकूण कमी बोलत. दिवसभर घरात त्यांचा आवाज येई तो भांड्यांचा.

बार्शीला जाऊन आले की ते म्हणत, "इंग्रजीत गेलो व्हतो." तिकडून आणलेलं कापडही ते घरी येऊन स्वतःच स्वतःला दाखवत. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. पिशवी ओट्यावर ठेवत, वळसा घालून खुर्चीत बसत, पिशवी उघडत, बघत आणि "जाऊ द्या" म्हणून उठत. मी एकदा हसलो तर म्हणाले, "हसा. पण कुणी तरी बघितलं पायजेल का न्हाय? न बघता आत गेलेलं मागनं कुठं सापडतंय?"

एका निवडणुकीत एक उमेदवार आपला ताफा घेऊन त्यांच्या दारात आला. हात जोडले, पायाला लागला, "काका, आशीर्वाद," म्हणाला. यांनी आशीर्वाद दिला आणि मागं उभ्या असलेल्या कार्यकर्त्याच्या पिशवीकडं बोट केलं. "ती उघडा." पिशवीत काय आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, पण ते दाखवायची पद्धत नव्हती. कार्यकर्ता उमेदवाराकडं बघे, उमेदवार आभाळाकडं. शेवटी ताफा तसाच पुढच्या दाराला गेला. त्या निवडणुकीत गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या अंगावर एकाच रंगाच्या साड्या दिसल्या, काकू सोडून.

आमच्या भागात जुन्या घराला भुयार असावंच लागतं. कुणाचं भुयार परंड्याच्या किल्ल्याला जातं, कुणाचं नळदुर्गला. तेरला जाणारंही एक आहे, म्हणे. भुयारात कुणी उतरलेलं नसतं, कारण तोंड आजोबांच्या काळातच बुजवलेलं असतं. शिवाय प्रत्येक घरात कुणी ना कुणी थोर माणूस मुक्कामाला येऊन गेलेला असतो. इतकी थोर माणसं इतक्या घरांत राहिली म्हणजे ती आपापल्या घरी कधी जात होती, असा प्रश्न मला नेहमी पडे. नाकेदारांना हे सगळं ऐकून घेताना फार त्रास होई.

"आमच्याकडं भुयार न्हाय," ते सांगत. "उंदराचं बीळ हाय. ते स्वैपाकघरापतुर जातंय."

"आणि थोर माणूस?"

"एक बी न्हाय. आमच्या घरात फक्त माल थांबला."

पाहुणा आला की ते घर दाखवत. तुळईचा आकडा, ज्याला मालाचा काटा टांगत. खिडकीतली झडप, जिच्यातून पावती देत. मग माझी खोली, माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांसकट. आणि हे दाखवताना सांगत काय, तर आजोबांनी लोकांना कसं छळलं ते. एकदा त्यांनी लग्नाचं वऱ्हाड भांड्यांवरून अडवलं, मुहूर्त टळून गेला, तरी सोडलं नाही. एका बाईच्या डोक्यावरची मिठाची पाटी उतरवून घेतली, ती संध्याकाळपर्यंत उन्हात बसून राहिली. ऐकणाऱ्याला काय चेहरा करावा ते कळत नसे. थोरपणा ऐकायची सवय असलेला पाहुणा चहाही अर्धा टाकून उठे.

अशा घरावर एके दिवशी लाल रंगाची फुली पडली. रस्ता चौपदरी होणार होता, मोजणीवाले आले होते. त्यांच्याही पिशव्या यांनी उघडून बघितल्या, टेप बघितला, रंगाचा डबा बघितला, "जाऊ द्या" म्हणाले, आणि त्याच डब्यातल्या रंगानं त्यांच्या भिंतीवर फुली मारली गेली. दगडी भिंत, तुळई, झडप, जप्तीची खोली, सगळं रस्त्यात जाणार होतं. पुण्याहून लेकीचा फोन आला, "बाबा, इकडंच या दोघं." हे जाऊन बघूनही आले. येऊन मला म्हणाले, "आठवा मजला हाय. दारासमोर लिफ्ट. थांबवायचं कुणाला?" काकू रोज ओटा धुताना फुलीवर दोन तांबे पाणी जास्त मारत. रंग चांगला होता, गेला नाही.

नाकेदारांच्या घराला लागून एक हार्डवेअरचं दुकान होतं. त्याचे मालक गावातल्या प्रत्येक मंडळाचे अध्यक्ष असत. गणपतीचे तेच, जयंतीचे तेच, व्यायामशाळेचेही तेच, आणि पोट बघता हे शेवटचं पद बहुधा नैतिक स्वरूपाचं होतं. नाकं पडलं की पुढची फुली त्यांच्या दुकानावर पडणार हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्या आठवड्यात त्यांना गावाच्या इतिहासाबद्दल एकाएकी कळवळा वाटू लागला. वारसा बचाव समिती स्थापन झाली. अध्यक्ष कोण, हे सांगायला नको. नाक्याला ऐतिहासिक वास्तू म्हणून संरक्षण मिळालं तर रस्ता समोरच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या जागेत सरकेल, असं त्यांनी गावाला समजावलं. त्यात तथ्य होतं, म्हणून तर सगळे जमले.

बैठक जप्तीच्या खोलीत, म्हणजे माझ्या खोलीत झाली, कारण तिथं पंखा होता. मी पलंगाच्या कडेला बसलो होतो. विषय एकच, या घरात कोण राहून गेलं. पहिल्याच वक्त्यानं थेट तीनशे वर्षं मागं उडी मारली. घर तेव्हा बांधलेलंच नव्हतं, अशी अडचण कुणीतरी काढली, तर वक्ता म्हणाला, "जागा तर व्हती की!" दुसऱ्यानं एक संत सुचवला. पण संत जकात नाक्यात मुक्कामाला कशाला येतील, आणि आले तर यांच्या आजोबांनी त्यांची झोळी उघडली असेल, ते वर्गणीदारांना आवडणार नाही, म्हणून तोही मागं पडला. मग निजामाविरुद्धच्या मुक्तिलढ्यातला एखादा क्रांतिकारक घ्यावा यावर एकमत झालं. नाव घेतलं की त्याचे नातेवाईक येतात, गावं भांडतात, हे अध्यक्षांना अनुभवानं माहीत होतं. ते म्हणाले, "अज्ञात घ्या. अज्ञात क्रांतिवीर. अज्ञाताला कोण हरकत घेतंय?" एवढा शहाणपणाचा ठराव मी आमच्या खात्यातही पाहिला नाही.

राहता राहिले नाकेदार. तपासणीला पुरातत्त्व खात्याचा अधिकारी येणार होता, आणि घरमालकानं त्याच्यासमोर एवढंच सांगायचं होतं, की आजोबांच्या काळात एक क्रांतिवीर इथं लपला होता. अध्यक्ष ते सांगायला ओट्यावर गेले. हातात नारळ होता, तो आधी दाखवावा लागला.

"आमच्या घरात न दाखवता काय बी येत न्हाय," नाकेदार म्हणाले. "क्रांतिकारक कसा येईल?"

"लपून आले असतील की, काका."

"आजोबा दारात बसलेले असायचे."

"मागच्या दारानं."

"मागलं दार तवा व्हतंच कुठं? ते मागनं बापानं भिंत फोडून काढलं. आन तुमी दुकानाची भिंत घातली तवा तुमीच बुजवलं."

अध्यक्ष नारळ घेऊन परत गेले. जाताना मला म्हणाले, "तुमी सांगून बघा. तुमचं ऐकतेत." माझं कुणीच ऐकत नव्हतं, तरी मी गेलो. खरं सांगतो, मला त्या माणसाचा राग आला होता. एक वाक्य बोलायचं होतं, त्यात कुणाचं काही जात नव्हतं, आणि न बोलण्यात घर जात होतं. मी तसं म्हणालोही. थोडा आवाज चढवूनच म्हणालो.

ते बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागले.

"सायेब, हितं लोकास्नी लई पिळलंय. त्या मिठाच्या बाईची नातसून अजून बाजारात बसती. म्या तिच्याकडनंच मिरच्या घेतो. आता त्याच दारावर पुण्याईचा बोर्ड लावायचा? ती वाचील की न्हाय?"

ते मला पटलं. पण राग गेला असंही नाही. कारण आत काकू भाकरी थापत होत्या आणि त्यांना कुणीच काही विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

अधिकारी आला तो दिवस उन्हाचा. जीपमधून उतरला तेव्हा समितीनं हलगी लावली होती, शाल होती, मी ऑफिसात निरोप ठेवून गेलो होतो की आज त्या भागातली लाईट जाऊ देऊ नका. तरुण माणूस होता, घामानं ओलाचिंब, आणि दिवसभरात बऱ्याच गावांत बऱ्याच शाली घेऊन दमलेला. ओट्याची पायरी चढला आणि नाकेदारांनी हात आडवा केला.

"बॅग उघडा."

अध्यक्षांनी डोळे मिटून घेतले. अधिकाऱ्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं निमूट बॅग उघडली. पाण्याची बाटली, छत्री, मोजपट्टी आणि कुंथलगिरीच्या पेढ्यांचा खोका.

"हे कुणी दिलं?"

"आधीच्या गावात दिलं," तो ओशाळून म्हणाला.

"तिथं कोण राहिलं व्हतं?"

"ते अजून ठरायचंय."

"जाऊ द्या," नाकेदार म्हणाले, आणि अधिकारी आत गेला. मला तो माणूस तेव्हाच आवडला.

त्यानं घर नीट पाहिलं. तुळई मोजली, झडप उघडून बंद केली. मग माझ्या खोलीत पलंगावर बसला आणि विचारायचं ते विचारलं. "इथं कोण राहिलं होतं?"

"कुणी न्हाय," नाकेदार म्हणाले.

अध्यक्ष खोकले. कुणीतरी मागून "अज्ञात, अज्ञात" असं पुटपुटलं. नाकेदारांनी लक्ष दिलं नाही. त्यांनी करोडगिरी सांगितली, काटा सांगितला, वऱ्हाड सांगितलं, मिठाची पाटी सांगितली. अधिकारी ऐकत होता, लिहीत नव्हता.

"काका," तो शेवटी म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरोखर वाईट वाटलेलं होतं, "असे नाके हद्दीवर जागोजाग होते. नुसत्या नाक्याला नाही हो संरक्षण देता येत. कुणीतरी राहून गेलेलं लागतं. मला वर काय सांगू?"

"सांगा, कुणी राहिलं न्हाय."

अधिकाऱ्यानं पेनाला टोपण लावलं आणि तो उठला. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. ट्रे त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला नाही, हातातच धरला.

"सायेब, ह्ये म्हणतेत कुणी राहिलं न्हाय. मग म्या कुठं राहिले?"

खोलीत दोघंतिघं हसले. काकू हसल्या नाहीत.

"सोळा वर्साची व्हते. माकणीच्या अंगाचं माहेर माझं, तिकडनं आले. एक पत्र्याची पेटी व्हती. ती ह्यांच्या आज्यानं दारात उघडली, समद्या वऱ्हाडापुढं. माझं लुगडं, माझी फणी, आईनं बांधून दिलेली शेंगाची चटणी, समदं वर काढून बघितलं. मान वर करता येईना मला. घरात पावणे, झोपायला जागा न्हाय, म्हणून ह्याच खोलीत झोपले. रातभर रडले. हितलं पाणी मचूळ, घोट उतरना. कुणाला सांगू?" त्यांनी ट्रे सावरला. "पुढं तिकडं धरण झालं. माझ्या बापाचं घर पाण्यात गेलं. आई गेली तवा माती द्यायला गेले, तर माघारी येताना टेकायला घर न्हवतं. पाण्याकडं बघून आले. आता ह्ये घर रस्त्यात जाणार. ह्यांस्नी खरं बोलायचंय, बोलू द्या. पर कुणी राहिलं न्हाय म्हणू नगा."

मग ट्रे टेबलावर ठेवून त्या आत गेल्या. हसलेली माणसं जमिनीकडं बघू लागली. अधिकारी उभ्याउभ्याच चहा पिऊ लागला, कारण काय करावं ते त्याला सुचत नसावं. बायको राहते ही गोष्ट वर कळवायची सोय त्याच्या खात्यात नव्हती, आणि माझ्या माहितीप्रमाणं कुठल्याच खात्यात नाही.

नाकेदार भिंतीकडं बघत बसले होते. चहा संपला, अधिकाऱ्यानं कप ठेवला.

"बसा, सायेब," ते म्हणाले. "एक राहिलं व्हतं."

अध्यक्षांनी मान वर केली.

"कोण?"

"नाव म्हाईत न्हाय. कुणी विचारलं न्हाय तवा. हद्दीवरनं आलं. आजोबानं दारात पेटी उघडली."

"शस्त्रं होती का पेटीत?" अधिकाऱ्यानं पेनाचं टोपण काढलं होतं.

"फणी व्हती," नाकेदार म्हणाले. "आन चटणी."

"शिदोरी," अध्यक्षांनी घाईघाईनं दुरुस्ती केली. "लांबच्या मोहिमेची शिदोरी, सायेब."

"ह्याच खोलीत झोपलं. रातभर रडलं."

अधिकारी थांबला. "क्रांतिवीर रडले?"

"वय लहान व्हतं," नाकेदार म्हणाले. "घर सोडून आलेलं. रडणारच की."

अधिकाऱ्यानं एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं, एकदा त्यांच्याकडं पाहिलं. त्याला कळलं होतं, याबद्दल मला शंका नाही. पण त्यानं मान खाली घातली आणि सगळं लिहून घेतलं.

पुढं कागद कुठून कुठं फिरले ते मला माहीत नाही. रस्ता जिनिंगच्या जागेत सरकला. समितीच्या मंडळींच्या मते तो क्रांतिवीरामुळं सरकला, काहींच्या मते अध्यक्ष मुंबईला जाऊन आले म्हणून. नाकं राहिलं, हार्डवेअर राहिलं. जप्तीच्या खोलीला 'क्रांतिवीर कक्ष' हे नाव मिळालं आणि मला खोली सोडावी लागली. इतिहासानं माझ्याकडून एवढं एकच बलिदान मागितलं, ते मी चिडचिड करत दिलं. बोर्ड मात्र नाकेदारांनी दारावर लावू दिला नाही. तो बाजूच्या भिंतीवर, बाजारातून न दिसणाऱ्या अंगाला लागला.

बदलीनंतर मी एकदा मुक्तिदिनाला मुद्दाम गेलो. मांडव होता, शाळा होती, स्पीकर होता. दारात त्यांनी माझी पिशवी उघडली, आईचं लोणचं पाहिलं, "मीठ बेतानं हाय आता," म्हणाले आणि आत सोडलं. ते जरा वाकले होते. दर वर्षी याच दिवशी त्यांना क्रांतिवीराची गोष्ट सांगायला लागायची, आणि गावात मी ऐकलं की गोष्ट दर वर्षी वाढतच चालली आहे.

ते माईकपुढं उभे राहिले. क्रांतिवीर आले तेव्हा दिवस मावळला होता, असं त्यांनी सांगितलं. त्यांना इथलं पाणी सोसलं नाही. त्यांना कुणी जेवलात का विचारलं नाही, आजारी पडले तरी ते पहाटे उठत, आणि घरातल्या माणसांना वाटे की त्यांना बोलता फारसं येत नाही.

"पेटी निळी व्हती," स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला.

"निळी व्हती," नाकेदार माईकमध्ये म्हणाले.

पोरं कंटाळली होती. क्रांतिवीर एकही गोळी झाडत नव्हते. अध्यक्षांना सभेची चिंता वाटू लागली, तसा त्यांनी दुसरा माईक हातात घेतला आणि आवाज भरदार करून विचारलं, "आणि मग, काका, ते थोर क्रांतिवीर इथून पुढं कुठल्या मोहिमेवर गेले, ते सांगा आपल्या विद्यार्थ्यांना!"

"गेले न्हायत," नाकेदार म्हणाले.

"म्हंजे?"

"जायला जागाच न्हवती त्यास्नी. माघारी घर न्हवतं. हितंच राहिले. आमीच कधी बघितलं न्हाय."

मांडवात स्पीकर घरघरत होता. अध्यक्षांना सावरायला वेळ लागत नाही. त्यांनी मूठ वर केली आणि ते ओरडले, "म्हणजेच ते क्रांतिवीर आजही आपल्यात आहेत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या, हात पिठानं भरलेले. लोक वाजवून थांबले, नाकेदार माईक सोडून बाजूला झाले, तोवर त्यांनी हात पदराला पुसले आणि सगळ्यांच्या मागून, एकटीनंच, टाळ्या वाजवल्या.